लायसनसाठी आलेलं स्थळ

आता म्हणे मोर्स येत नसला तरी चालतं. परवा माझी नात सोफ्यावर पाय पसरून मोबाइलवर हॅम रेडिओच्या परवान्याचा अर्ज भरत होती. हौस म्हणून घरात बिनतारी यंत्र लावायचं आणि जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलायचं, त्यासाठी लागतो तो परवाना. मी शेजारी बसून विचारलं, "मोर्सच्या कट्ट-कट्टची परीक्षा कधी आहे?" तर म्हणाली, "आजी, मी भरतेय त्याला ती लागत नाही. ज्याला हौस असेल त्यानं वरच्या वर्गासाठी द्यावी." चहा निवायच्या आत अर्ज गेलासुद्धा. परवाना म्हणे एकदा मिळाला की जन्मभर पुरतो. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू? आमच्या वेळी वयाची अट, विजेच्या विषयाचा पेपर, नियमांचा पेपर, मिनिटाला पाच शब्द मोर्समध्ये पाठवून दाखवायचे, पाच घेऊन दाखवायचे, चांगल्या चालचलणुकीचे दाखले, आणि एवढं सगळं झाल्यावर पोलिसांची चौकशी. ही चौकशी कशी होते ते मी नातीला सांगायला लागले. तिनं एका कानातली गाणी ऐकायची गोळी काढली, आणि थोड्या वेळानं दुसऱ्याही कानातली काढली, तेव्हा मला वाटलं की हे लिहून ठेवायला हरकत नाही.

आम्ही सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या अणदूरला राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्या पोस्टात तार मास्तर होते. त्यांच्या टेबलावर एक पितळी यंत्र होतं, त्यातून दिवसभर कट्ट, कडकट्ट, कट्ट असा आवाज यायचा आणि अण्णा त्यातून लोकांची मरणं, बाळंतपणं आणि बदल्या कागदावर उतरवायचे. पण अण्णांचे कान उतरत चालले होते. जाड, ठोकल्यासारखे आवाज कळायचे. बारीक आवाज, त्यातून बायकांचे, वाटेतच विरून जायचे. पोस्टात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण यंत्राच्या फळीवर दोन बोटं टेकवली की तार त्यांना बोटांतून ऐकू यायची. पेन्शनीला तीन वर्षं राहिली होती आणि तेवढी बोटांवर निघतील असा त्यांचा हिशेब होता. घरात मात्र लपवायची गरज नव्हती. पोस्टातून मोडीत काढलेलं एक लांब टेबल आमच्या स्वयंपाकघरात होतं, त्यावर आम्ही जेवायचो. काही सांगायचं असलं की मी चमच्यानं टेबल ठोकायचे, अण्णा दोन बोटं लाकडावर ठेवून ऐकायचे आणि तसंच ठोकून उत्तर द्यायचे. शाळेतल्या गमती, शेजारच्या शेवंतामावशींची नक्कल, पोस्टमास्तरांचा नवा विग, सगळं त्या टेबलावर व्हायचं. आम्ही दोघं हसत सुटायचो. आई चुलीपुढं ज्वारीच्या भाकरी थापत विचारायची, "काय म्हणाले गं?" मी म्हणायचे, "काही नाही." खरंच काही नसायचं. एवढ्याशा विनोदासाठी पुन्हा तोंड कोण उघडणार? आई चौथी शिकलेली, आणि ही सगळी भाषा इंग्रजी अक्षरांवर चालणारी, त्यामुळं तिला ती शिकवावी असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझी आई अबोल आहे असं मला वाटायचं. गावही तसंच म्हणायचं.

सोलापूरच्या जुन्या बाजारातून अण्णांनी लष्कराच्या भंगारातला, बिनतारी संदेश ऐकायचा एक रिसीव्हर आणला होता. तो गरम व्हायला वेळ लागायचा, आणि गरम झाला की त्याला जळक्या शेंगदाण्याचा वास यायचा. माडीच्या कठड्यापासून कडुलिंबापर्यंत आम्ही लांबलचक तारेची एरियल ताणली होती. हेडफोन माझ्या डोक्यावर आणि पेन्सिल माझ्या हातात. अण्णा समोर बसून माझा कागद वाचायचे. रशियातला कुणी, मद्रासचा कुणी, जहाजावरचा कुणी. सगळे एकमेकांना हवामान सांगायचे. एवढ्या लांबून इतक्या कष्टानं लोक फक्त पाऊस आहे का विचारतात, याचं मला फार नवल वाटायचं. अण्णांना त्यांच्यात बोलायचं होतं. पण परवान्याच्या परीक्षेत बारीक शिट्टीतला मोर्स ऐकावा लागतो आणि अण्णांना शिट्टी ऐकूच यायची नाही. मग एक दिवस अण्णांच्या सोलापूरच्या मित्राचं पत्र आलं की नियम बदलला, वयाची अट खाली आली, आता शाळा-कॉलेजातली पोरंही अर्ज करू शकतात. अण्णांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि जेवताना टेबलावर ठोकलं, 'परीक्षा तू दे.' मी उलट ठोकलं, 'देते.' असा निर्णय झाला. आई त्या वेळी माझ्या ताटात वरण वाढत होती.

परीक्षा हैदराबादला होती. पहाटेच्या बसनं निघालो, आईनं धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून दिली. लेखी पेपर बरे गेले. मग मोर्सची वेळ आली. एक चष्मेवाले साहेब समोर बसले, त्यांनी बटण दाबलं, मोर्स ठोकायची पितळी चावी हाताखाली घेतली आणि पेटीतून पी-पीप-पी अशी बारीक शिट्टी निघाली. घरी रिसीव्हरवर मी शिट्टी ऐकत आले होते हे खरं, पण ती हळू, खरखरीतून येणारी, आणि चुकलं तर अण्णा कागदावर बोट ठेवायचे. माझी खरी शाळा टेबलाची होती. कट्ट आणि कट्ट यांच्या मधल्या जागेत अक्षर असतं, एवढंच माझ्या अंगात मुरलं होतं. पहिली ओळ सगळी कोरी गेली. दुसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं की शिट्टीच्या खाली साहेबांच्या हातातली पितळी चावी टेबलावर आपटतेय. कट्ट. कडकट्ट. अगदी अण्णांच्या पोस्टासारखी. मी पहिल्याच बाकावर होते. शिट्टी सोडून दिली, डोळे मिटले, आणि चावी ऐकत लिहीत गेले. पास झाले. साहेबांनी विचारलं, "डोळे मिटून का लिहीत होतीस?" मी म्हटलं, "सवय आहे." बाहेर अण्णांना सांगितलं तेव्हा ते हैदराबादच्या भर रस्त्यात थांबून इतके हसले की एक रिक्षावाला आम्हाला दवाखान्यात नेऊ का म्हणून विचारायला आला.

आता फक्त पोलिसांचा कागद यायचा होता. त्याचं आम्हाला काही वाटलं नाही. आमच्याकडं कागदाशिवाय देवही हलत नाही. आमचा खंडोबा वर्षातले दोन महिने नळदुर्गला राहायला जातो, तेव्हा दोन्ही गावची माणसं बसून लेखी करार करतात, मगच पालखी उठते. तेव्हा माझ्यासारखीला दिल्लीचा कागद मिळायला जरा वेळ लागणारच, असं अण्णा म्हणायचे.

नळदुर्गच्या ठाण्यातून एक हवालदार साध्या कपड्यांत आमच्या गावात उतरला तेव्हा मी कॉलेजात होते आणि अण्णा पोस्टात. तो आधी स्टँडवरच्या मल्लिनाथअप्पांच्या हॉटेलात गेला. पुढं काय झालं ते अप्पांनी नंतर इतक्या वेळा सांगितलंय की मी स्वतः तिथं भजी खात बसले होते असंच मला वाटतं. हवालदारानं चहा मागवला आणि विचारलं, "तार मास्तरची पोरगी कशी हाय?"

लग्नसराई तोंडावर आली होती. परगावचा माणूस, इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि तरण्या पोरीची चौकशी. आमच्या भागात या प्रश्नाचा दुसरा अर्थच नाही. अप्पांनी गल्ल्यावरून उठून स्वतः खुर्ची पुसली. "कुठून आलाव?"

"नळदुर्गहून."

"सोयरिकीचं बगायला?"

चौकशी गुपचूप करायची अशी हवालदाराला ताकीद होती. तो म्हणाला, "तसंच समजा."

झालं. गावातल्या पोरीचं स्थळ मोडेल असा शब्द तोंडातून काढायचा नाही, हा आमच्याकडचा धर्म आहे. अप्पा म्हणाले, "पोरगी म्हंजी निव्वळ गाय बगा. मान वर करून बोलत न्हाय."

"वायरलेसचं काय तरी करती म्हणं?"

"कुणी सांगितलं? जळणारी माणसं असत्यात! तिला रेडिओचं बटनबी फिरवता येत न्हाय."

हवालदार तिथून आमच्या गल्लीत आला. पण अप्पांच्या हॉटेलातला पोऱ्या त्याच्या आधी धावत आला होता, त्यामुळं गल्ली तयार होती. शेवंतामावशींना त्यानं वर बोट करून विचारलं, "ही तार कसली?" मावशी म्हणाल्या, "धुणं वाळत घालायची हाय," आणि शंका राहू नये म्हणून माडीवर चढून त्यांनी आपली दोन लुगडी आणि एक ओली गोधडी तिच्यावर टाकली. त्या दिवशी मी घरी येऊन रिसीव्हर लावला तर मद्रास गायब, रशिया गायब. माडीवर गेले तर माझ्या एरियलचा पार झोका झालेला. शाळेतल्या गुरुजींनी तर कमाल केली. जास्त शिकलेल्या मुलीला सासर बिचकतं म्हणून त्यांनी सांगितलं, "शिकलीय, पण शिकल्यासारखी वाटत नाही. इंग्रजी तर कच्चंच आहे." याच गुरुजींनी मला इंग्रजी शिकवलं होतं. शेवटी हवालदार आमच्या घरी गेला. आईनं त्याला पोहे दिले, चहा दिला. ती काय बोलली ते तिनं सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

संध्याकाळी अप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "तार मास्तर, काम झालं समजा!" अण्णांना 'काम' एवढंच ऐकू आलं, त्यांना वाटलं लायसन आलं. त्यांनी पेढा खाल्ला, मला भरवला. मग अप्पा स्थळाचं बोलतायत हे मी टेबलावर ठोकून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी तीन दिवस धुसफुसत होते. न विचारता स्थळ आणतात म्हणजे काय? गाव मात्र खूश होतं. तीन आठवडे सगळे नवऱ्या मुलाची वाट बघत होते.

नवरा आला नाही, दिल्लीचं पत्र आलं. पोलिस अहवालानुसार अर्जदार मुलीस बिनतारी विषयाचं ज्ञान किंवा आवड असल्याचं आढळून येत नाही. अर्ज तिच्या नावानं दुसऱ्याच कुणी व्यक्तीनं केला असावा असा संशय येतो. महिन्याच्या आत ठाण्यात समक्ष खुलासा करावा, नाहीतर अर्ज कायमचा निकालात निघेल. अण्णांनी पत्र तीनदा वाचलं. दुसरी व्यक्ती म्हणजे कोण हे सांगायची गरज नव्हती. सरकारी नोकर, घरात यंत्र, मुलीच्या नावानं अर्ज. ते टेबलाशी बसून राहिले, पण त्यांनी काही ठोकलं नाही. माझी दोन वर्षांची मेहनत गेली होती, आणि वर माझे अण्णा खोटे ठरले होते. मी त्या दिवशी मोठ्यानं रडले.

अप्पांनी पत्र ऐकून कपाळावर हात मारला. "मंग त्यानं सांगायचं न्हाय व्हय! आमी पोलिसाला कवा खोटं बोललाव का? पाव्हण्याला बोललाव!" हा खुलासा ठाण्यात टिकला नसता, तरी गाव जबाबदारीनं वागलं. गुरुवारी एसटीनं आम्ही सगळे नळदुर्गला गेलो: अण्णा, आई, मी, अप्पा, शेवंतामावशी आणि गुरुजी.

फौजदार साहेबांनी सगळ्यांना बाकावर बसवलं आणि एकेकाला बोलायला सांगितलं. त्या दिवशी माझी जेवढी बदनामी झाली तेवढी पुढं आयुष्यात कधी झाली नाही, आणि ती होत असताना मी देवाचे आभार मानत होते. अप्पा म्हणाले, "साहेब, लई आगाव पोरगी हाय. मान तर सदा वरच. एकदा माझ्या हॉटेलातला रेडिओ सगळा खोलून ठिवला हिनं." मावशी म्हणाल्या, "भाकरी करपून कोळसा झाली तरी कळत न्हाय हिला. कानाला ते डबडं लावून बसती. अन् ती तार धुण्याची न्हाय साहेब, माझी गोधडी तिच्यावर नीट वाळलीबी न्हाय." गुरुजींनी खाकरून सांगितलं की माझं इंग्रजी उत्तम आहे आणि ते त्यांनीच शिकवलंय. ते बोलत असताना एक शिपाई तोंडावर फाईल धरून हसत होता. साहेबही हसले. मग त्यांनी कागद उलटला आणि त्यांचा आवाज बदलला.

"हे सगळं पटलं. गावकऱ्यांना आमच्या माणसानं ओळख दिली नव्हती. पण मुलीच्या आईला त्यानं दारातच सांगितलं होतं की मी पोलिस आहे, आणि लायसनसाठी आलोय. तरी त्यांचाही जबाब हाच आहे. मुलीला यातलं काही येत नाही, सगळा हट्ट बापाचा."

सगळे आईकडं बघायला लागले. मीही बघितलं. ती बाकाच्या टोकाला बसली होती, पदराचं टोक दोन्ही हातांत धरून.

"व्हय साहेब," ती म्हणाली. इतक्या हळू की साहेब पुढं झुकले. "मला ठाऊक होतं. मी खोटं सांगितलं."

"का पण?"

"आमच्या घरात ही दोघं टेबल ठोकून बोलतात. मला त्यातलं एक अक्षर कळत न्हाय. ह्यांना माझा आवाज ऐकू येत न्हाय, किती वर्षं झाली. आधी मी ओरडून बोलायचे. मग लोक म्हणायचे, बाई भांडखोर हाय. मग बोलायचंच सोडलं. ही पोरगी तेवढी कधी कधी तोंडानं बोलती. लायसन आलं की हीबी सगळ्या दुनियेशी तसंच बोलत बसंल. मंग मी कुणाशी बोलू?"

बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती. मला लाज वाटली. त्या आधी मी चुकले होते, बोलणी खाल्ली होती, पण अशी लाज मला माहीत नव्हती. किती वेळा मी 'काही नाही' म्हटलं होतं ते मी मोजायला लागले आणि मला मोजता येईना.

आईच पुढं म्हणाली, "आता खरं लिहा. तिला सगळं येतं. बापापेक्षा जास्त येतं. हुशार हाय पोरगी, तिचं अडवू नका." साहेबांनी लिहिलं. आईनं एकेक अक्षर जोडत सही केली, आणि सही वाळेपर्यंत कागदावर हात धरून बसली.

परवाना आला, चार महिन्यांनी. त्यानंतर तो किती वेळा नवा करावा लागला, कितीदा नियम बदलले, कोणता वर्ग निघाला नि कोणता मिटला, ते सगळं माझ्या फायलीत आहे, आणि त्या फायलीची नात यथेच्छ चेष्टा करते. अणदूरच्या माडीवरून माझं पहिलं बोलणं कोलंबोच्या एका दंतवैद्याशी झालं. त्यानं विचारलं, पाऊस आहे का. मी म्हटलं, नाही. पण मला सांगायचंय ते हे नाही.

त्या दिवशी नळदुर्गहून परत निघालो तेव्हा अप्पा आणि बाकीचे बाजाराला थांबले. आम्ही तिघंच सोलापूरच्या एसटीत बसलो. आई पुढं खिडकीशी एकटी, तिच्या मागच्या बाकावर मी आणि अण्णा. अणदूर काही लांब नाही. गाडी गावाबाहेर पडली तसे अण्णा माझ्याकडं वळले. दिवसभर ते सगळ्यांच्या चेहऱ्यांवरूनच अंदाज बांधत होते.

"आई आत काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. "सगळे एकदम गप्प का झाले?"

त्यांना ऐकूच आलं नव्हतं. एवढ्या वर्षांचं बोलणं एकदाचं तोंडाबाहेर पडलं, फौजदारांनी ऐकलं, शिपायांनी ऐकलं, आणि ज्यांनी ऐकायचं त्यांना एक शब्द कळला नव्हता. अण्णांनी पुढच्या बाकाच्या दांड्यावर दोन बोटं ठेवली आणि माझ्या ठोकण्याची वाट बघत बसले. मला ते दोन मिनिटांत सांगता आलं असतं. हात उचललाही होता मी.

मग मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "अण्णा, तिलाच विचारा."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग दांडा धरून उठले, हेलकावे खात पुढं गेले आणि आईशेजारी बसले. कान तिच्या तोंडाशी नेला. आई आधी खिडकीबाहेर बघत राहिली. मग बोलायला लागली. पहिल्यांदा हळू, मग मोठ्यानं, मग इतक्या मोठ्यानं की पुढची माणसं वळून बघायला लागली, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. अण्णा मान हलवत होते. मध्येच त्यांनी चष्मा काढून पुसला. आई थांबली नाही.

कंडक्टर ओरडला, "अणदूर, अणदूर! चला, उतरणारे!" गाडी थांबली. ती दोघं उठली नाहीत. कंडक्टरनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

मी पुढच्या ईटकळपर्यंतची तीन तिकिटं मागितली.